शेपटीचं कडं

पूल उतरवायचं ठरलं आणि सगळ्यांना एकदम त्याचा पुळका आला. शहाण्णव वर्षं ज्याच्याकडे कुणी मान वर करून धड बघितलं नव्हतं, त्याला टेकून आता लोक फोटो काढायला लागले. शेजारचा सिमेंटचा नवा पूल सुरू होऊन सहा महिने झाले होते. ये-जा सगळी नव्यावरून, प्रेम मात्र जुन्यावर.

पुलाच्या ऑफिसातले मोठे साहेबही यातून सुटले नाहीत. त्यांनी रेकॉर्डबाईला केबिनमध्ये बोलावलं. "पुलाचा इतिहास लिहायचाय. बत्तीस पानी पुस्तिका, निरोपाच्या कार्यक्रमात वाटायची. आणि बाई, जरा भावनिक करा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"कितव्या पानावर?" तिने विचारलं.

साहेब वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. टोमणा डोक्यावरून गेला. "शेवटच्या," ते म्हणाले, आणि फोनला लागले.

आता या बाईला पुलाचा इतिहास लिहायला सांगायचा, म्हणजे साहेब नवीन होते हेच खरं. जुन्यातल्या कुणी तिला सांगितलं नसतं. तिची नोकरीच मुळी पुलाने दिलेली. तिचा मोठा भाऊ, दादा, पुलाच्या रंगाऱ्यांच्या टोळीत होता. एकतीस वर्षांपूर्वी सातव्या गाळ्यातून, म्हणजे दोन खांबांमधल्या सातव्या भागातून, खाली पडून तो गेला. त्याच्याबरोबर टोळीचा मुकादम गेला आणि एक रिवेट ठोकणारा गेला. दादाच्या जागी, वय बसल्याबरोबर, हिला ऑफिसात घेतलं. आणि ज्याच्या चुकीने हे तिघं गेले, तो पुलाचा तपासनीस म्हणजे हिचा सख्खा बाप. सगळ्या ऑफिसला हे ठाऊक होतं, म्हणून तिच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे.

तिने तर बापाशी बोलणंच टाकलं होतं. अगदी टाकलं असं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती त्याची औषधं आणि किराणा त्याच्या खोलीवर नेऊन ठेवायची. "औषधं ठेवलीत." "निळी गोळी बदललीय." एवढंच. एकतीस वर्षांत 'बाबा' अशी हाक एकदाही मारली नव्हती. आईने तर दादाच्या तेराव्या दिवशीच घर सोडलं, मुलीला घेऊन वेगळी राहिली आणि मरेपर्यंत त्या माणसाचं तोंड बघितलं नाही.

पण इतिहास लिहायला ती बसली ती मनापासून. का, तर त्यात एक पान तिला लिहायचं होतं. अपघाताचं. नावानिशी. साहेब म्हणाले होते, "नाव कशाला, म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या ना." ती म्हणाली, "तिघं मेले त्यांची नावं छापणार, मारणाऱ्याचं झाकून ठेवणार? तसं असेल तर दुसरा कुणी बघा." साहेबांनी फोन उचलला.

पहिली वीस पानं तिने दोन आठवड्यांत हातावेगळी केली. अकरा गाळे. प्रत्येक गाळा म्हणजे लोखंडी त्रिकोणांची रांग, लहान पोराने पाटीवर पेन्सिल न उचलता काढत न्यावी तशी. चार लाखांच्या वर रिवेट, आणि त्यातला एकेक कुणीतरी भट्टीत लाल करून, चिमट्याने झेलून, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेला. दोन महापूर. एक लढाई, तिच्यात पूल उडवायला आलेल्यांना दारूगोळाच कमी पडला. एक हत्ती, सर्कशीतला, पाचव्या गाळ्यात अडून बसला तो चार तास हलेना. हत्तीचं पान लिहिताना तिला हसूही आलं.

मग रिवेटांच्या तपासणीचं पान आलं. तिथे तिला बापाबद्दल लिहावं लागलं आणि तिने ते चोख लिहिलं. खोटं लिहायची तिला सवय नव्हती.

रिवेट दिसायला मेला सगळा सारखाच. आतून सैल झालेला डोळ्याला कळत नाही, कानाला कळतो. म्हणून तपासनीस हातोडी घेऊन एकेका रिवेटावर टिचकी मारत जायचा. चांगला रिवेट टण् बोलतो, सैल झालेला थड्. वारा, गाड्या, खालचं पाणी, एवढ्या गोंगाटात तो थड् ओळखायचा म्हणजे कान पाहिजे. तिच्या बापाला होता. टोळीने त्याचं नावच कानसेन पाडलं होतं.

थड् बोललेल्या रिवेटाभोवती तपासनीस खडूने कडं काढायचा. ते कडं म्हणजे पुलावरचा कायदा. कड्याजवळ पाय ठेवायचा नाही, वजन टाकायचं नाही, आणि खडूवर रंग चढवायचा नाही. सोमवारी तपासनीस आपली वही ऑफिसात द्यायचा, रिवेटवाले येऊन जुना काढून नवा ठोकायचे, तपासनीस पुन्हा टिचकी मारून ऐकायचा आणि स्वतःच्या हाताने कडं पुसायचा. त्यानंतर रंगारी. रंगाऱ्यांचं काम कधी संपायचं नाही. अकराव्या गाळ्याला पोचेपर्यंत पहिल्याला गंज चढलेला असायचा.

आणि मग ते पान. फाइल तिला तोंडपाठ होती. सातव्या गाळ्यात कामगारांच्या चालण्यासाठी जी फळ्यांची वाट होती, तिला खालून आधार देणारा एक ब्रॅकेट तुटला. सोमवारी सकाळी, तिघं वर उभे असताना. तुटलेल्या ब्रॅकेटचे रिवेट सैल होते. 'त्यांवर तपासनिसाने खूण केली नव्हती. तपासनिसाने चूक कबूल केली आहे.' खाली सही. ती ठसठशीत, न थरथरलेली सही तिने पहिल्यांदा वाचली तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि तेव्हा उरलासुरला तो माणूस तिच्या मनातून कायमचा उतरला. हात तरी थरथरायला नको होता का?

साहेबांनी तेवढ्यात आणखी एक टूम काढली. "अपघाताचा काही अवशेष असेल तर प्रदर्शनात मांडू."

अवशेष होता. तिच्याच रेकॉर्डरूममध्ये, मागच्या भिंतीशी, खालच्या फळीखाली. तारेने बांधलेलं गोणपाट, त्याला पत्र्याची चिठ्ठी: 'गाळा सात, ब्रॅकेट बारा.' त्या खोलीत तिने पंचवीस वर्षं काढली, रोज त्याच्यावरून केरसुणी फिरवून घेतली, पण तार कधी सोडली नाही. दादा ज्याच्यावर शेवटचा उभा होता ते लोखंड बघायची तिची छाती झाली नव्हती.

त्या दिवशी दुपारी तिने पक्कड आणली आणि तार तोडली.

गोणपाटातून आधी पडले ते रंगाचे पोपडे, करडे, नखाएवढे. मग हातभर लांबीचा जाड पत्रा, एका बाजूने मोडलेला. त्यावर सहा रिवेट. चारांवर रंग जसाच्या तसा होता. दोहोंभोवतीचा पोपडा मात्र सुटला होता, नेमका गोल. आणि त्या गोलात पांढरं होतं. खडू.

तिने पत्रा उजेडाकडे धरला. खडूवर रंग धरत नाही, हे पुलावरच्या कुणालाही विचारा. धरल्यासारखा दिसतो, वर्ष-दोन वर्षं राहतो आणि मग सोडून देतो. दोन्ही कड्यांना खाली उजवीकडे एक छोटी शेपटी होती. उंदराची असावी तशी, वर वळलेली.

ती शेपटी या जगात एकच माणूस काढायचा. लहानपणी बाप तिची गणितं तपासायचा. बरोबर गणिताला काही नाही, शाबासकी वगैरे त्याच्या स्वभावात नव्हती. चुकलेल्या गणिताभोवती शेपटीचं कडं. "हे थड् वाजतंय," म्हणायचा, "पुन्हा कर." तिच्या वह्या त्या उंदरांनी भरलेल्या असायच्या.

"केली होती!" ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "खूण केली होती त्याने!" आणि काय सांगायचं, तिला चक्क आनंद झाला. ती हसली. एकतीस वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून घेतल्यासारखं झालं. हे आता छापायचं, नावानिशी छापायचं, साहेबांच्या नाकावर टिच्चून छापायचं. मुकादमाच्या बायकोने दारात येऊन त्याला तळतळाट दिले होते, तिच्या लेकरांच्या हातात हे पान द्यायचं.

मग पुढचा प्रश्न आला. कड्यावर रंग कुणी चढवला?

रेकॉर्डबाईच ती, तिला शोधायला किती वेळ लागणार? रंगाऱ्यांचा रोजनामा चौथ्या कपाटात होता. अपघाताच्या आदला शनिवार. गाळा सात, खालची बाजू, ब्रॅकेट नऊ ते चौदा. एकच माणूस. नावापुढे दादाची सही, आणि शेजारी वेळ: काम संपलं दुपारी तीन. बाकी सगळ्यांचं पाच होतं.

ती तशीच जमिनीवर बसली.

तो शनिवार तिला विसरायचा म्हटलं तरी विसरता आला नसता. दादाची तिच्याकडे असलेली सगळ्यात चांगली आठवण तीच तर होती. शाळेत बक्षीस समारंभ होता, चार वाजता. तिला गणिताचं बक्षीस मिळणार होतं. बापाला सुट्टी नव्हती, आईला स्टेजबिज बघितलं की घाम फुटायचा. तेव्हा तिने सकाळी दादाला दारातच धरलं होतं. "पहिल्या ओळीत बसला नाहीस ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी." दादा म्हणाला, "अगं, सहा ब्रॅकेट उरलेत." ती म्हणाली, "मला काही माहीत नाही." सोळा वर्षांची होती. हट्टी होती. लाडकी होती.

आणि दादा आला. पावणेचारला, धापा टाकत, कानामागे करडा रंग. "आलो बाई, आलो. पटापट मारून टाकलं उरलेलं." पहिल्या ओळीत बसला. इतक्या टाळ्या वाजवल्या की हेडबाईंनी वळून बघितलं. सोमवारी तो त्याच ब्रॅकेटवर जाऊन उभा राहिला. म्हणजे कडं त्याने बघितलंच नव्हतं. खालून हात घालून, घाईघाईत, ब्रश फिरवत गेला असणार. बघितलं असतं तर स्वतः पाय ठेवला असता का?

दुसऱ्या दिवशी तिने पत्रा कापडी पिशवीत घातला आणि बापाच्या खोलीवर गेली.

नदीपलीकडच्या जुन्या क्वार्टर्समध्ये मागच्या बाजूला एक खोली. खाट, टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात शेगडी, आणि खिडकीतून समोर पूल. पहिला गाळा कापून झाला होता, दुसऱ्यावर कटर चालू होते, ठणाणा आवाज येत होता. म्हातारा खिडकीकडे पाठ करून पेपरातलं कोडं सोडवत होता. त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ऐंशी पार झाल्यावर त्याचे कान गेले ते पार गेले. कानसेनाचे!

तिला बघून तो चक्रावला. "आज पहिली तारीख नाही," तो म्हणाला.

तिने पत्रा टेबलावर ठेवला. त्याने चष्मा सारखा केला. मग अंगठा एका कड्यावरून हळूच फिरवला, शेपटीपर्यंत.

"पोपडा सुटला," तो म्हणाला. "सुटणारच. मला वाटलं, हा भंगारात गेला असेल."

बोलून उपयोग नव्हता. तिने त्याचीच पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कडेला लिहिलं: खूण केली होती. मग कबूल का केलंत?

तो बराच वेळ वाचत राहिला. सातच तर शब्द होते.

"शुक्रवारी केली होती," तो म्हणाला. "वहीत पण टिपली होती. सोमवारी पडल्याचं कळलं तसा मी पळत आलो, खाली उतरलो. त्यांना अजून पाण्यातून काढत होते. हा पत्रा लोंबकळत होता. नव्या रंगाखाली कडं दिसत होतं, ठाऊक असलेल्यालाच दिसेल इतकं. आणि त्या बाजूला रंगाला कोण होतं ते मला माहीत होतं." त्याने पत्रा बाजूला सारला. "घरी जाऊन वही चुलीत घातली."

"अहो, पण का?" ती ओरडलीच. त्याने ओठांवरून ओळखलं असावं.

"मुकादमाची बायको आली होती ना दारात. तिला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या. पोराला द्यायच्या का? तो अजून ओटीवर निजवलेला होता. त्याला उत्तर देता येत नव्हतं. मी आपला उभा होतो, मला घेता येत होत्या."

आई, तिने लिहिलं.

"तिचं काय चुकलं?" म्हातारा म्हणाला. "ती दिवसभर म्हणायची, माझं पोरगं कामाला वाघ होतं. म्हणू दे की. मी चांगला राहिलो असतो तर तो वाईट झाला असता. आम्हा दोघांतला एकच तिच्याजवळ चांगला राहू शकत होता. मी काय, जिवंत होतो." मग चष्मा पुसत, "राग धरून का होईना, जगली ना एकोणीस वर्षं? मग झालं तर."

तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत. एक प्रश्न उरला होता. तो विचारल्याशिवाय तिला घरी जाता येणार नव्हतं. तिने पेन्सिल टेकवली. 'शनिवारी', एवढा शब्द लिहिला आणि हात अडला.

म्हाताऱ्याने तो शब्द बघितला मात्र, आणि घाईघाईने बोलायला लागला. "शनिवारचं काही नाही. तो नेहमीच घाईत असायचा. हजारदा सांगितलं होतं, बघून मार, बघून मार. ऐकतोय कोण. त्याचा शाळेशी काही संबंध नाही. तू बोलावलंस म्हणून काही तो लवकर निघाला नव्हता."

शाळेचं तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याच्याही ते लक्षात आलं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. समोर दुसऱ्या गाळ्याचा एक त्रिकोण क्रेनला लटकून हळूहळू खाली येत होता. तिघांच्या मरणाचं ओझं त्याने दादावरून उचललं होतं ते काही एकट्या दादासाठी नाही. वर्षानुवर्षं ती दर पहिल्या तारखेला येऊन त्याच्यासमोर औषधं आपटायची, आणि तो 'ठेव' म्हणायचा. तिच्या हट्टापायी दादा घाईत होता, हे एवढंच तिला कळू नये म्हणून. तिला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"गप," तो खिडकीकडे बघतच म्हणाला. "सोळा वर्षांची होतीस. गप आता."

मग तिने पिशवीतून इतिहासाचे कागद काढले. मी खरं छापणार, तिने वरच्या कागदाच्या मागे लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

"खरं म्हणजे कुणाचं नाव?" त्याने विचारलं.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"त्याचं लिहिशील? मुकादमाची नातवंडं आहेत, वाचतील. का तुझं लिहिशील? फाइलीत जे आहे ते लिही. माझं नाव आहे ना? स्पष्ट लिही. अर्धवट लिहिलं की लोक उकरत बसतात. आणि आत्ता लिही, माझ्यासमोर. तुझा भरवसा नाही मला, लहानपणापासून हट्टी आहेस."

दोन आठवडे जे पान लिहायला ती हपापली होती, ते तिने त्या टेबलावर लिहिलं. पाच ओळी. सैल रिवेटांवर खूण करण्याचे राहून गेले. मग बापाचं पूर्ण नाव.

त्याने कागद ओढून घेतला, पेन्सिल हातात घेतली आणि वाचायला लागला. बोट ओळीखाली ठेवून, एकेक शब्द, तिची गणितं तपासायचा अगदी तसंच. पेन्सिलीचं टोक त्या वाक्यापाशी आलं तेव्हा ती पुढे वाकली. काढा, ती मनात म्हणत होती. कडं काढा. शेपटी काढा. म्हणा, हे थड् वाजतंय, पुन्हा कर. देवाशपथ, मी पुन्हा करते.

टोक पुढे सरकलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कागद तिला परत दिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मग गुडघ्यावर हात टेकून उठला, शेगडीकडे गेला, तिच्याकडे पाठ करून पातेल्यात चहाचं पाणी ओतायला लागला. पाठीला बाक आला होता. सदऱ्याची शिवण खांद्यावर उसवली होती, ते तिने आजवर बघितलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

तो पाणी ओततच राहिला.

ती उठून दोन पावलं पुढे गेली. "बाबा."

तिची सावली बघून तो अर्धवट वळला. "काही म्हणालीस का? मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही."

मग ती ओरडली. घसा फाटेस्तोवर ओरडली. शेजारची खिडकी उघडली, कुणीतरी डोकावून "काय झालं हो?" विचारलं. म्हातारा तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला. हातातल्या तांब्यातून पाणी पातेल्याबाहेर, शेगडीवर, त्याच्या पायांवर सांडत राहिलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. फडकं घेऊन शेगडी पुसली. मग डबा उघडला आणि चमचा हातात धरून तसाच थांबला.

"साखर किती लागते तुला?" त्याने विचारलं. "मला माहीतच नाही."